सिनेमा बघावा वही-पेन्सिल घेऊन



पेरण्या उरकल्या आणि खुरपणीला अजून तोंड लागलेलं नाही, अशा या मधल्या दिवसांत तुमची पत्रं येतात ती जरा निराळी असतात. एरवी कुणाला मिरचीवरच्या बोकड्याचं औषध हवं असतं, कुणाची म्हैस गाभ धरत नाही म्हणून काळजी असते. आता मात्र तिघा-चौघांनी एकच विचारलं आहे : ‘ताई, तुम्हाला सिनेमे कोणते आवडतात? पुस्तकं कोणती? आणि ते मोबाईलवरचं पॉडकास्ट का काय म्हणतात, ते तुम्ही ऐकता का?’

ऐकते की. बघते, वाचते, सगळं करते. पण माझी आवड थोडी विक्षिप्त आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. गोष्ट शेतकऱ्याच्या घरची असेल तर मला तिच्यात हिशेब लागतो. जमीन किती, देणं किती, कुणाचं, कशापायी झालं आणि फेडणार कशातून. ज्या सिनेमात शेतकरी दोन तास आभाळाकडे बघत रडतो आणि त्याच्या डोक्यावर नेमके किती रुपये आहेत हे शेवटपर्यंत कळत नाही, तो माझ्या लेखी अर्धा सिनेमा. नुसतं डोळ्यांत पाणी आणायचं असेल तर कांदा चिरला तरी येतं.

या कसोटीला सगळ्यांत चोख उतरतो तो बिमल रॉय यांचा १९५३ सालचा ‘दो बिघा जमीन’. बलराज साहनी आणि निरुपा रॉय. जुना आहे, काळा-पांढरा आहे, पण एकदा तरी बघाच. बंगाली बिघा धरला तर दोन बिघे म्हणजे आपले साधारण सव्वीस गुंठे. एकराला चौदा गुंठे कमी! एवढ्या तुकड्यासाठी शंभू नावाचा शेतकरी सगळा जन्म पणाला लावतो. जमीनदाराला त्या जागेवर गिरणी काढायची आहे, म्हणून तो म्हणतो, जमीन दे, नाहीतर माझं देणं चुकतं कर. शंभू घरी येतो आणि पोराला जवळ घेऊन हिशेब करतो. देणं निघतं पासष्ट रुपये. घरातलं किडूकमिडूक, बायकोच्या कानातलंसुद्धा विकून तो पासष्ट रुपये जमवतो आणि जमीनदाराकडे जातो. तिथं वही उघडतात. वहीत आकडा असतो दोनशे पस्तीस!

मला विचाराल तर त्या सिनेमातला सगळ्यांत भयंकर क्षण तो. कलकत्त्याच्या रस्त्यावर शंभू हातरिक्षा ओढत धावतो आणि बसलेलं गिऱ्हाईक त्याला आणखी जोरात, आणखी जोरात म्हणून पिटाळतं, तो प्रसंग सगळ्यांना आठवतो. माझ्याही काळजाचं पाणी होतं. पण त्याचं धावणं सुरू झालं ते त्या वहीपाशी. घरचा हिशेब एक आणि वहीतला हिशेब दुसरा. कोर्ट निकाल देतं तोही वहीच्या बाजूनं, कारण कागद तिच्याकडे आणि अंगठा शंभूचा. मिळते ती तीन महिन्यांची मुदत. शंभूनं पासष्ट रुपये तोंडी मोजले होते, ते खरेही होते, पण त्याच्यापाशी लिहिलेलं काही नव्हतं.

‘मदर इंडिया’ तर तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. १९५७ सालचा, मेहबूब खान यांचा. नर्गिसच्या खांद्यावरचा नांगर सगळ्यांच्या ध्यानात राहतो. आता पुन्हा बघाल तेव्हा सुरुवातीचं कर्ज नीट ऐका. पाचशे रुपये. घेतलेले कुणी? सासूनं. कशासाठी? लग्नासाठी. गावचे पंच निवाडा देतात की व्याजापोटी पिकाचे चारातले तीन हिस्से लालाला द्यायचे. म्हणजे दहा पोती झाली तर साडेसात लालाच्या घरात आणि अडीच पोत्यांत सून, नवरा, पोरं आणि पुढच्या वर्षाचं बी. शिवाय हे नुसतं व्याज. मुद्दल पाचशे जागच्या जागी. राधाचा सगळा जन्म ते पाचशे रुपये फेडण्यात जातो आणि कर्ज घेतलं त्या दिवशी ती त्या घरची नवी नवरी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. बिरजू या तिच्या पोराचा सगळा राग लालाच्या चोपड्यांवर का, हे हा आकडा ध्यानात घेतल्यावर आपोआप समजतं.

आपल्याकडे तर याचं मूळ आणखी मागे जातं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, तेव्हा सिनेमाला वाचाही नव्हती. नारायण हरी आपट्यांची गोष्ट. जमीन सावकाराच्या घशात गेलेला तरुण शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, आणि ते काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. तो मूकपट आज बघायला मिळत नाही. मुका असला तरी शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याचं दुखणं त्यानं बरोबर ओळखलं होतं.

आता एक सिनेमा असा, की तो एकटीनं बघू नका असं मी सांगेन. सतीश मनवर यांचा २००९ सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’. विदर्भातलं कोरडवाहू गाव आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला आहे आणि किसनाची बायको अलका हिच्या मनात पाल चुकचुकते की आपलाही धनी त्याच वाटेनं जाईल. ती काय करते? नवऱ्याला गोडधोड करून घालते, लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे पाठवते, सासूलाही लक्ष ठेवायला लावते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष, तिघांची कामं अशी की आपल्याच गल्लीतलं घर वाटावं. मध्येमध्ये हसूही येतं, कारण बापडा किसना वैतागून जातो की हे पोर माझा पिच्छा का सोडत नाही. शेवट सांगत नाही.

पण तो सिनेमा पाहून मला जी गोष्ट लागली ती निराळीच. अलका नवऱ्यावर पाळत ठेवते, त्याच्या ताटात चार घास जास्त वाढते, सगळं करते. पण समोर बसून ‘धनी, आपलं देणं किती, सांगा बरं’ हे दोघांच्या मधे मोकळेपणानं येत नाही. त्याला वाटतं बाईमाणसाला कशाला घोर. तिला वाटतं विचारलं तर त्याला आणखी लागेल. बहिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी किती घरांत हे असंच आहे?

आमच्या बचत गटात हा सिनेमा आम्ही एका रविवारी दुपारी लावला होता. संपल्यावर नेहमीसारखी कुणी पदर डोळ्यांना लावला, कुणी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात एकजण म्हणाली, ‘आपल्या घरात किती असंल गं?’ खोलीभर बायका, आणि आकडा सांगता आला तो तिघी-चौघींनाच. बाकीच्यांना सोसायटीचं आहे एवढं ठाऊक. किती, ते नाही. पुढच्या बैठकीला काहीजणी सातबाराचा उतारा घेऊन आल्या. इतर हक्काच्या रकान्यात बोजा लिहिलेला असतो, तो वाचायला शिकलो. सोसायटीचा, बँकेचा बोजा तिथं दिसतो. हातउसनं आणि खाजगी उचल मात्र उताऱ्यावर दिसत नाही. ती माणसाच्या तोंडूनच काढावी लागते. एका बाईच्या घरी त्यावरून चार दिवस अबोला झाला. पाचव्या दिवशी नवऱ्यानं खिशातल्या चिठ्ठ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. रक्कम मोठी होती. तिनं गटातून थोडे घेतले, एक शेरडू विकलं आणि ज्याचं व्याज सगळ्यांत चढं त्याला आधी मोकळं केलं. बाकीचं अजून फेडताहेत.

लहान मुलांना घेऊन बघायचा असेल तर ‘टिंग्या’ बघा. मंगेश हाडवळे यांचा, २००८ सालचा. टिंग्या या पोराचा जीव चितंग्या नावाच्या बैलावर. बैल जायबंदी होतो आणि बापाला तो विकून पेरणीसाठी दुसऱ्याची सोय बघायची आहे. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिला औषधपाणी करता, मग माझ्या बैलाला खाटकाकडे का, असं पोर विचारतं. या सिनेमातला बाप दुष्ट नाही, हे मला फार आवडलं. त्यालाही बैल हवा आहे, पण मृगाचं आभाळ कुणासाठी थांबत नाही. टिंग्याचं काम करणाऱ्या शरद गोयेकर या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच मिळाला.

दुःखाचे सिनेमे पुरे म्हणाल, तर ‘मंथन’. १९७६ साल, श्याम बेनेगल. या सिनेमाचा खर्चच शेतकऱ्यांनी केला! गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये दिले, झाले दहा लाख, आणि सिनेमाच्या सुरुवातीला निर्माते म्हणून त्यांचंच नाव झळकलं. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटील यांनी त्यात जी बिंदू केली आहे, ती गुरांमागे वावरणारी बाई आहे, गुरांमागे वावरण्याचं सोंग करणारी नटी नव्हे. गावात खाजगी डेअरीवाला मिश्रा मनाला येईल तो भाव देतो. शहरातून आलेला डॉक्टर दुधाचे नमुने तपासू लागतो आणि फॅटवर भाव देऊ लागतो. तिथून ठिणगी पडते. म्हणजे बघा, मारामारी नाही, तलवार नाही, परीक्षानळीतल्या फॅटवर गावाचं राजकारण फिरतं. दूध घालणाऱ्या माणसाला याच्याइतका थरारक प्रसंग दुसरा नसेल. २०२४ साली या सिनेमाची नवी स्वच्छ प्रत फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवली गेली. दोन रुपये देणाऱ्यांपैकी किती जण तोवर हयात होते कुणास ठाऊक, पण त्यांचा पैसा फुकट गेला नाही.

आता पुस्तकं. इथं मी थोडक्यात सांगणार होते, पण ‘गोतावळा’पाशी थोडं थांबलंच पाहिजे.

आनंद यादवांची ही कादंबरी १९७१ सालची. कागलकडच्या बोलीत, नारबा नावाचा शेतगडी स्वतःच सगळं सांगतो. त्याला ना जमीन, ना घर, ना बायको. मालकाच्या मळ्यातली गुरं, कुत्री, कोंबड्या, झाडं हाच त्याचा गोतावळा. मग मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जागेवरून हलतं. मालकाच्या बाजूनं बघितलं तर हिशेब अगदी बरोबर आहे : वैरण वाचली, वेळ वाचला, गडी वाचला. पण वाचलेल्या त्या गड्याचं काय, ते नारबाच्या तोंडून ऐकावं लागतं. आजवर मी तुम्हाला सांगितले ते हिशेब सगळे आपल्यावर झालेल्या अन्यायाचे. हे पुस्तक वाचताना माझ्या ध्यानात आलं की आपल्या घरीही एक वही असते आणि तिच्यात रोजंदारीनं येणाऱ्या बायकांची नावं असतात. ‘बाया मिळत नाहीत’ ही तक्रार आपण सगळेच करतो, मीही करते. नारबा वाचल्यावर ती तक्रार जरा हळू आवाजात होते. म्हणून हे पुस्तक मला सगळ्यांत आवडतं आणि म्हणूनच ते पुन्हा हातात घ्यायला मन धजत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) याच्या अगदी उलट. कधीही उघडा, कुठूनही वाचा. धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर येतो आणि बघता बघता वाडीची कागदपत्रं, भांडणं, निरोप सगळं त्याच्या अंगावर पडतं. सगळी वाडी अंगमेहनतीनं तालीम उभी करते. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. दीडशेच्या आसपास पानं आहेत, पण एक शब्द जादा नाही. अमोल पालेकरांनी १९९५ साली त्याच्यावर सिनेमाही केला. माझं मत विचाराल तर आधी पुस्तक.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मात्र घरातल्या शिकलेल्या मुलानं वाचावी आणि वाचून झाल्यावर बापाच्या हातात द्यावी. बुलढाण्याकडचं शेतकरी घर, पदव्या घेऊन घरी बसलेला एकनाथ, नोकरीसाठी लागणारा पैसा नाही आणि शेतात भागत नाही. २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. जड आहे, सलग वाचू नका.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. ‘ताई, आम्हाला ते वाचवत नाही’ असं तुम्ही लिहिता. मग वाचू नका, ऐका! जोतीरावांनी ते पुस्तक छापून येण्याआधी, जसजसं लिहून होत गेलं तसतसं पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं होतं. म्हणजे ते मुळात कानासाठीच आहे. घरात ज्याचा आवाज खणखणीत आहे त्याला ओसरीवर बसवा आणि रोज दोन पानं मोठ्यानं वाचायला लावा. डोंगराच्या उताराला ताली घालून पाणी आणि माती अडवावी, हे त्यात सांगितलेलं ऐकून आमच्याकडचा एक म्हातारा म्हणाला, ‘मग एवढी वर्सं काय करत हुते सगळे?’

तर ऐकण्यावरूनच पॉडकास्टकडे येऊ. नावाला बिचकू नका. रेडिओवरचं भाषण ठरल्या वेळेला लागायचं, चुकलं तर चुकलं. पॉडकास्ट म्हणजे तसंच बोलणं, पण मोबाईलमध्ये साठवून ठेवलेलं. रेंज असेल तेव्हा उतरवून घ्यायचं आणि गवत कापताना, शेंगा फोडताना, धारेला बसल्यावर ऐकायचं. हात मोकळे राहतात. आपल्यासारख्या बायकांना ही सोय पुस्तकापेक्षाही बरी, कारण पुस्तक उघडून बसलं की सासूबाईंना काहीतरी काम आठवतंच.

नवल एवढंच की ही कल्पना शेतकऱ्याला नवी नाही. इंग्लंडच्या बीबीसीवर ‘दि आर्चर्स’ नावाची श्रुतिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झाली. युद्धानंतर धान्य वाढवायचं होतं, तेव्हा शेतीची माहिती एका शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीत कालवून सांगायची, असा तिचा बेत. ती आजही चालू आहे आणि आता लोक ती पॉडकास्ट म्हणूनही ऐकतात. आपल्याकडे १९५६ साली तर पुण्याच्या आकाशवाणी केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं याहून सरस प्रयोग केला. आसपासच्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. गावात पंधरा-वीस माणसांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायचं, अर्धा तास ऐकायचं. पण रेडिओ बंद झाला की उठायचं नाही! ऐकलं त्यावर बोलायचं, शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. दहा आठवडे हे चाललं. ज्या गावांत अशी मंडळं होती तिथल्या लोकांना नव्या गोष्टी जास्त समजल्या, असं पाहणीत दिसून आलं, आणि पुढे १९५९ पासून ही पद्धत देशभर नेली.

आजच्या पॉडकास्टमध्ये मला खटकतं ते हेच, की जो तो कानात बोंडं घालून एकटा ऐकतो. समजा बोलणाऱ्यानं थाप मारली, तर शेजारी बसून ‘हे काय खरं नव्हं’ म्हणणारं कुणी नसतं. आणि थापा असतात हो! एकरी इतके लाख, एवढ्या महिन्यांत इतके लाख. मी एक नियम करून ठेवला आहे. बोलणाऱ्यानं उत्पन्न सांगितलं की मी वाट बघते. रोपांचा खर्च, खत, औषध, मजुरी, पट्टीत कापली जाणारी हमाली-तोलाई, गाडीभाडं, आणि पहिल्या वर्षी किती मर झाली, हे त्यानं आपणहून सांगितलं तर पुढचं ऐकते. नाही सांगितलं तर बंद. फार बोलणी बंद करावी लागतात, पण जी उरतात ती सोन्यासारखी असतात. मला विशेष आवडतात ती बाजारभावावरची छोटी बोलणी, आवक किती आणि भाव का पडला हे सरळ सांगणारी. आणि ज्यांत एखादा शेतकरी, बुडालेला हंगामसुद्धा आकड्यांनिशी सांगतो ती.

ऐकायची रीत आम्ही जुन्या रेडिओ मंडळासारखीच ठेवली आहे. मोबाईल रिकाम्या पातेल्यात उभा ठेवायचा, आवाज चांगला घुमतो. ऐकून झालं की पोरांपैकी एकानं खर्चाचा आकडा वहीत मांडायचा आणि ज्याला पटत नसेल त्यानं तिथंच बोलायचं. गेल्या वेळी एका ड्रॅगनफळाच्या गोष्टीत सिमेंटच्या खांबांचाच खर्च गाळला होता, तो आमच्या जाऊबाईंनी पकडला.

तुमच्या पाहण्यात किंवा ऐकण्यात असं काही आलं असेल, की ज्यात आकडा चोख आहे, तर नावासकट कळवा. पोस्टकार्ड चालेल. आणि ‘मंथन’ लावणार असाल तर संध्याकाळचं दूध घालून आल्यावर लावा, डेअरीची पावती हाताशी ठेवून.